गाडी तीच, इंजिन तेच. मग पहिला कोण?

मोटारींच्या शर्यतीविषयी चार मुले बोलू लागली की संभाषण पाच मिनिटांत इंजिनावर येऊन थांबते. किती सी.सी.चे, किती अश्वशक्तीचे, सायलेन्सर कोणता बसवला, हेच प्रश्न. सुरतेत आमच्या उधन्याच्या गल्लीतही याहून वेगळे काही ऐकू येत नाही. माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी आपली जुनी छोटी मोटार ‘रेसिंगची’ करून घेतली. एका गॅरेजवाल्याने चारी स्प्रिंगांचे वेढे कापून गाडी खाली बसवली, रुंद टायर घातले, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर जोडला आणि ३८ हजारांचे बिल हातात दिले. भावाची ती दोन वर्षांची साठवण होती. त्यानंतर एका रात्री डुमसच्या रस्त्यावर दुसऱ्या एका गाडीशी चुरस लावताना त्याने तिसऱ्यांदा जोराने ब्रेक दाबला, तेव्हा पेडल थेट तळाला गेले. गाडी दुभाजकाला घासत घासत थांबली. माणसे वाचली. भावाचे आजही म्हणणे एवढेच, की इंजिन आणखी दमदार असते तर तो आधीच पुढे निघून गेला असता आणि ब्रेक दाबायची वेळच आली नसती!

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. यंत्रशास्त्राचे शिक्षण मला नाही. परंतु ३८ हजार रुपये खर्चून नक्की काय विकत घेतले गेले, हा प्रश्न हिशेबाचा आहे, आणि हिशेब आमच्या शाखेचाच विषय. तो सोडवताना जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि वहीत मांडून पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम एका शब्दाविषयी. आमच्या पुस्तकांत ‘स्टॉक’ म्हणजे दुकानातला शिल्लक माल. अमेरिकेत ‘स्टॉक कार’ हा शब्द नेमक्या याच अर्थाने रूढ झाला. दुकानात जशी उभी आहे, तशीच्या तशी शर्यतीत उतरवलेली मोटार ती स्टॉक कार. खास शर्यतीसाठी घडवलेल्या, उघड्या चाकांच्या, एका माणसाच्या गाड्यांहून ही जात निराळी. १९४८ साली फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे ‘नॅस्कार’ ही संस्था स्थापन झाली आणि १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे तिने अशा ‘अस्सल दुकानी’ मोटारींची पहिली शर्यत भरवली. नियम सोपा होता : गाडीत बदल करायचा नाही. सर्वांत पुढे येऊन ग्लेन डनवे याने शर्यत संपवली. मग तपासणी झाली. त्याच्या फोर्ड गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत बदल केल्याचे आढळले आणि त्याला बाद ठरवून लिंकन गाडी चालवणाऱ्या जिम रोपर याला विजयी घोषित करण्यात आले. गाडीचा मालक कोर्टात गेला, पण हरला.

त्या स्प्रिंगांची कथा मोठी मजेदार आहे. त्या काळी त्या भागात चोरटी दारू मोटारींतून वाहून नेत. मागे माल भरला की गाडी मागून बसते, वळणावर डोलते आणि पोलिसांच्या नजरेत भरते. म्हणून मागच्या स्प्रिंगांत खास फेरफार करीत. डनवेची गाडी त्याच धंद्यातून आलेली होती. गुजरातेत राहणाऱ्या वाचकांस याहून अधिक विवरणाची गरज नसावी. सांगायचा मुद्दा असा, की ‘अस्सल दुकानी’ मोटारींच्या या पहिल्या शर्यतीत वाद झाला तो इंजिनावरून झालाच नाही, स्प्रिंगवरून झाला. हा प्रसंग भावाला ऐकवला तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे मी स्प्रिंगा कापल्या ते बरोबरच केले की!” त्याचे उत्तर पुढे येईलच.

आजच्या नॅस्कारच्या गाड्या नावापुरत्याच दुकानी राहिल्या आहेत. २०२२ पासून तर सर्व संघांना ठरावीक पुरवठादारांकडचे एकाच घडणीचे सांगाडे व भाग वापरावे लागतात, आणि टायर सर्वांना एकाच कंपनीचे. आपल्याकडचा नारायण कार्तिकेयन २०१० साली या संस्थेच्या ट्रक मालिकेत उतरला होता आणि मार्टिन्सव्हिलच्या पहिल्याच शर्यतीत तेरावा आला होता.

भारतात अशा शर्यतींचे मूळ घर तामिळनाडूत. मद्रासजवळ शोलावरम येथे जुन्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे शर्यती होत. पुढे १९९० साली इरुंगट्टुकोट्टै येथे ३.७ किलोमीटरचा कायमचा मार्ग तयार झाला. कोइमतूरजवळचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे २००३ सालचा. ज्या करिवर्धन यांचे नाव त्याला दिले आहे, त्यांनी मारुती ८०० चे इंजिन वापरून स्वस्त शर्यतीच्या गाड्या बनवल्या आणि पुष्कळ तरुण मुलांना या खेळाचे दार उघडून दिले. ग्रेटर नोएडाचा बुद्ध मार्ग २०११ चा. आपल्या भागाकडे पाहिले तर कोल्हापुरात कार्टिंगचा मार्ग आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तेथे झाल्या आहेत. आणि नाशिकच्या परिसरात रॅली ऑफ महाराष्ट्र झालेली आहे, तीही दुकानी मोटारींवरच आधारलेल्या गाड्यांची.

पण आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण पुण्याजवळच्या चाकणचे आहे. तेथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि २०१० पासून या कंपनीने भारतात पोलो कप नावाची स्पर्धा भरवली. तीत सर्वांच्या गाड्या पोलोच. चाकणची पोलो म्हणजे आपल्या डॉक्टरांची, प्राध्यापकांची, बँकेतल्या काकांची गाडी. तिच्यातील मागची आसने व गाद्या काढायच्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा, शर्यतीचे सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर द्यायचे, आणि तशाच एकसारख्या गाड्या सर्व स्पर्धकांना द्यायच्या. पुढे याच धर्तीवर व्हेंटो आणि अॅमिओ या गाड्यांच्याही स्पर्धा झाल्या. याला ‘एकाच घडणीची’ स्पर्धा म्हणतात. हेतू असा, की बापाच्या पैशावर कोणी जिंकू नये. ज्याच्याकडे पैसा आहे तो मोठे इंजिन आणील. म्हणून इंजिनाला मोहोर लावून टाका.

आणि येथेच खरा प्रश्न सुरू होतो. गाडी तीच, इंजिन तेच, टायर तेच, पेट्रोलही तेच. तरीही एक जण पहिला येतो आणि एक जण पंधरावा येतो, आणि बहुधा तेच तेच लोक पुढे असतात. हे कसे?

उधन्याच्या लूमच्या कारखान्यांत हा प्रश्न मला नवा वाटत नाही. तेथे एका रांगेत एकाच कंपनीचे माग उभे असतात, सूत एकाच गाठोड्यातले असते, वीज एकच असते. तरी संध्याकाळी कापड मोजले की एका कारागिराचे मीटर दुसऱ्यापेक्षा जास्त भरतात. त्याचा माग अधिक वेगाने धावत नसतो. तो कमी वेळा थांबलेला असतो. ताण्याचा ताण त्याने सकाळीच नीट लावलेला असतो आणि हवा कोरडी झाली की तो पुन्हा पाहिलेला असतो. शर्यतीच्या दिवशीची मोटार मला तशीच वाटते.

आता टायरकडे वळू, कारण निम्मी शर्यत तेथे आहे. टनभर वजनाची गाडी जमिनीला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणचा तुकडा आपल्या तळहातापेक्षा फारसा मोठा नसतो. इंजिनाची सारी शक्ती, ब्रेकचा सारा जोर, वळणाचा सारा ताण या चार तळहातांतूनच रस्त्यापर्यंत पोहोचतो. तळहात निसटला की दोनशे अश्वशक्ती काय आणि वीस काय, सारखेच.

शर्यतीच्या टायरचे रबर गरम झाल्याशिवाय धरत नाही. साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते चिकट होते. त्याहून थंड असता घसरते आणि फार तापले तरी पुन्हा घसरते. टायर तापला की आतली हवाही तापते आणि दाब वाढतो. अकरावीच्या विज्ञानाच्या मित्राकडून सूत्र घेऊन मी हिशेब केला. समजा २७ अंशांना टायरमध्ये २५ पौंड हवा भरली. वातावरणाचा दाब सुमारे १४.७ पौंड धरून एकूण दाब झाला ३९.७. टायर ७७ अंशांपर्यंत तापला तर निरपेक्ष तापमान ३०० वरून ३५० झाले, म्हणजे एकूण दाब ४६.३ आणि मापावर दिसतील ३१.६ पौंड. साडेसहा पौंडांची वाढ! म्हणून जाणता मेकॅनिक थंड टायरमध्ये हवी तेवढी हवा भरत नाही. गरम झाल्यावर जेवढी हवी, तिथून उलटा हिशेब करून भरतो. सकाळी सरावाला भरलेला दाब दुपारच्या शर्यतीला चालत नाही. सुरतेत जानेवारीच्या पहाटे १५ अंश असतात आणि मे महिन्यात दुपारी ४० अंश. गाडी जागची न हलताही तेवढ्यानेच २५ पौंडांचे २८ च्या वर जातात. पेट्रोल पंपावर उभ्या उभ्या ‘तीस मारो’ म्हणणाऱ्या आम्हांला याची कल्पनाही नसते.

दाब जास्त झाला की टायर मधोमध फुगतो आणि कडा उचलल्या जातात, तळहात आकसतो. कमी झाला तर कडांवर भार येतो आणि टायर वळणावर मुडपतो. हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गाडी मार्गावरून आत आली की मेकॅनिक सुईसारखे तापमापक घेऊन धावतो आणि प्रत्येक टायरला आतली बाजू, मध्य आणि बाहेरची बाजू अशा तीन ठिकाणी टोचून आकडे लिहून घेतो. मध्य जास्त गरम, तर हवा जास्त. आतली कड फार गरम, तर चाक आत जास्त कललेले. चार टायरांचे बारा आकडे म्हणजे गाडीचा ताळेबंदच. त्यात चूक कोठे आहे ते वाचता आले पाहिजे. एका जुन्या मेकॅनिकने मला सांगितले, की ड्रायव्हर खोटे बोलेल, टायर खोटे बोलत नाही.

नवे टायर पहिल्या काही फेऱ्यांत सर्वांत उत्तम धरतात, मग हळूहळू उतरत जातात. म्हणून सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या वेळेच्या फेऱ्यांत कोणी किती टायर झिजवावा, यालाही डोके लागते. आपल्या बैलगाडा शर्यतीतली मंडळी हे जाणतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या त्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या कायद्याला मान्यता दिली. तेथेही जो मालक आदल्या दिवशी हौसेने बैल पळवून दाखवतो तो घाटात मागे पडतो. कानडी विभागातील मित्र कंबळच्या रेड्यांविषयी हेच सांगतील असे वाटते.

दुसरी गोष्ट वजनाची. गाडी उभी असताना तिचे वजन चार चाकांवर जसे वाटलेले असते, तसे ते धावताना राहत नाही. बस एकदम थांबली की आपण पुढे झुकतो, तसे गाडीचे वजनही पुढे झुकते. किती? एक हजार किलोची गाडी घ्या. पुढच्या चाकांवर ६०० आणि मागच्यांवर ४०० किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.४ मीटर. टायर धरू शकतील तितक्या जोराने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या मंदनाने ब्रेक लावला, तर ०.५ भागिले २.४ गुणिले १००० म्हणजे सुमारे २०८ किलो मागून पुढे जातात. पुढे झाले ८०८ आणि मागे उरले १९२! अशा वेळी कोणी सुकाणू झटक्याने वळवले तर हलके झालेले मागचे टोक बाहेर निघते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. वळणावर हेच आडवे होते : आतल्या चाकांवरून वजन बाहेरच्या चाकांवर जाते.

सस्पेन्शनचे सारे काम या वजनाच्या येण्याजाण्याला शिस्त लावण्याचे आहे. स्प्रिंग किती वजनाला किती दबायचे ते ठरवते; शॉकअॅब्सॉर्बर किती वेगाने दबायचे व उठायचे ते ठरवतो. दोघांची जोडी जमलेली असावी लागते. आता भावाच्या प्रश्नाचे उत्तर. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचे दीड वेढे कापले की उरलेली स्प्रिंग एक-तृतीयांशाने कडक होते, हे खरे. गुरुत्वमध्यही थोडा खाली येतो, हेही खरे. पण शॉकअॅब्सॉर्बर जुनाच, मऊ स्प्रिंगसाठी केलेला. तो कडक स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाही. शिवाय चाकाला वर जायला जागाच उरत नाही. छोट्या उंचवट्यावरही सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आपटते आणि क्षणभर गाडीला स्प्रिंगच नसल्यासारखे होते. चाक उसळून हवेत. हवेतल्या चाकाला ब्रेकही नाही आणि वळणही नाही. शर्यतीच्या गाडीला खाली बसवतात ते मोजून, जुळणारा शॉकअॅब्सॉर्बर घालून. कापणे आणि बसवणे यांतला फरक करवतीला कळत नाही.

पोलोसारख्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचा एक जन्मजात स्वभाव आहे. ओढायचे, वळायचे आणि ब्रेकचा मोठा भाग सोसायचा, ही तिन्ही कामे पुढचेच टायर करतात. म्हणून वळणावर वेग जास्त झाला की नाक सरळ जाऊ पाहते. सुकाणू वळवले तरी गाडी वळत नाही. यावर उपाय म्हणून मागचे सस्पेन्शन मुद्दाम थोडे कडक करतात, म्हणजे मागचे टोक जरा सैल होते आणि नाक आत येते. किती सैल, हे मात्र ड्रायव्हरच्या हातावर अवलंबून. एकाला जी गाडी चपळ वाटते, तीच दुसऱ्याला धोक्याची वाटते. नॅस्कारमध्ये हेच काम शर्यत चालू असताना करतात : गाडी थांबली की मागच्या काचेतून लांब पाना घालून एका चाकाच्या स्प्रिंगवरचा दाब अर्धा-एक फेरा बदलतात, आणि काही सेकंदांत गाडी पुन्हा धावू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला ते टायर बदलत आहेत एवढेच दिसते.

वळणाचा वेग हा या साऱ्या खटाटोपाचा मोबदला. ५० मीटर त्रिज्येचे वळण आणि टायरची पकड गाडीच्या वजनाएवढी धरली तर जास्तीत जास्त वेग येतो ताशी ८० किलोमीटर. पकड दहा टक्क्यांनी वाढवली तर ८४. फक्त चार! भाऊ हसला. पण हे चार किलोमीटर वळण संपल्यावर पुढच्या संपूर्ण सरळ रस्त्यावर आपल्याबरोबर येतात; मागचा गडी तेवढ्याच इंजिनाने ते भरून काढू शकत नाही. समजा दर फेरीला यातून दोन-दशांश सेकंद वाचले. पंधरा फेऱ्यांत तीन सेकंद. ताशी १५० च्या वेगाने तीन सेकंदांत गाडी १२५ मीटर जाते. एका फेरीत डोळ्यांना न दिसणारी बचत शेवटी सव्वाशे मीटरची रक्कम होते. आमच्या शाखेतले सर्वांत सोपे सरळव्याज ते हेच.

आता ब्रेक. याविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे; कारण वर सांगितलेच आहे. ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे काय करतो? धावण्याची शक्ती उष्णतेत बदलतो. एक हजार किलोची मोटार ताशी १२० वरून थांबवायची तर सुमारे ५५६ किलोज्यूल उष्णता तयार होते. तेवढ्यात जवळजवळ दोन लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. वेग ६० असता तर ही उष्णता एक-चतुर्थांशच झाली असती, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शहरात रोज साठच्या वेगाने वापरलेला आणि कधीही न दमलेला ब्रेक, एकशेवीसवर चौपट काम करतो. आणि एकदा तापलेली तबकडी निवायला वेळ लागतो. तो वेळ न देता दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबला की उष्णता साचत जाते.

पेडलचा दाब चाकापर्यंत नेते ते ब्रेक ऑइल. तेल म्हणतात, पण ते हवेतली ओल पिणारे द्रव असते. डॉट ४ प्रतीचे ताजे द्रव किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. तेच सुमारे पावणेचार टक्के पाणी प्यालेले असेल तर ही मर्यादा १५५ वर येते. आणि सुरतेसारख्या खाडीकाठच्या, चार महिने पावसाने भिजलेल्या गावात ते पाणी पितेच. द्रव दबत नाही, म्हणून पेडलचा जोर जसाच्या तसा पोहोचतो. पण त्याची वाफ झाली की वाफ दबते. आपण पेडल दाबतो, वाफ दबते, चाकाला काहीच कळत नाही, पेडल तळाला. गंमत अशी की गाडी निवली की वाफेचे पुन्हा द्रव होते आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजात ब्रेक ठणठणीत! भावाच्या गाडीचे नेमके हेच झाले. त्यामुळे गॅरेजवाल्याने ‘तुमच्याच पायाचा दोष’ असा निवाडा दिला आणि भावाने तो मान्यही केला. मी बिल काढून पाहिले. स्प्रिंगा, टायर, सायलेन्सर, पट्ट्यांचे स्टिकर, मजुरी. ब्रेक ऑइल हा शब्द त्या बिलात नव्हता. काही शे रुपयांची बाटली असते. शर्यतीच्या गाड्यांत हे द्रव वारंवार बदलतात, आणि तबकड्यांना समोरून थंड हवा मिळावी म्हणून खास नळ्या बसवतात.

हवेचा परिणाम इंजिनावरही होतो, तो थोडक्यात सांगतो. तापलेली हवा विरळ असते. १५ अंशांच्या मानाने ४० अंशांची हवा आठ टक्क्यांनी हलकी, म्हणून साध्या इंजिनाचा दमही दुपारी उतरतो. पण घट सर्वांनाच सारखी, म्हणून तिची फारशी काळजी करू नये. पेट्रोलचे वजन मात्र मोजावे. २० लिटर म्हणजे सुमारे १५ किलो. शर्यत संपेपर्यंत पुरेल एवढेच भरतात. मात्र शर्यतीनंतर गाडी किमान वजनाखाली भरली तर बाद, म्हणून हा हिशेब दोन्ही बाजूंनी घट्ट.

शर्यतीच्या सकाळी प्रत्यक्षात जे काम चालते ते पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटावे असे असते. एक जण यादी हातात घेऊन गाडीखाली शिरतो आणि एकेक नट ठरावीक जोराच्या पान्याने आवळून त्यावर रंगाची रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे कळावे म्हणून. चाकाचे नट, बॅटरीची तार, नळ्यांचे क्लिप, ड्रायव्हरचे पट्टे. आमच्याकडचा जॉबर पाळी सुरू होण्याआधी मागाभोवती फिरून जसा हात लावून पाहतो, तसेच. पैशाने विकत घेता येणारी गोष्ट यात एकही नाही, आणि पुष्कळ गाड्या शर्यतीतून बाहेर पडतात त्या यातल्याच एखाद्या गोष्टीपायी.

राहता राहिला ड्रायव्हर. एकाच घडणीच्या गाड्यांत सर्वांत मोठा फरक तोच पाडतो, यात शंका नाही. पण तो शूर असतो म्हणून नव्हे. चांगल्या ड्रायव्हरच्या फेऱ्यांची वेळ एकाखाली एक लिहिली तर आकडे जवळजवळ सारखे दिसतात. नवख्याची एक फेरी झकास, दुसरी दीड सेकंदाने मागे. चांगला ड्रायव्हर ब्रेक सरळ रेषेत लावतो, वळू लागला की तो हळूहळू सोडतो आणि वळणाच्या बाहेरच्या कडेने शिरून, आतल्या कडेला स्पर्श करून, पुन्हा बाहेरच्या कडेला येतो. म्हणजे तेच वळण त्याच्यापुरते मोठ्या त्रिज्येचे होते आणि वर सांगितलेला वेग त्याला फुकट मिळतो. त्याचे हात शांत असतात, कारण झटका दिला की ते दोनशे किलो अचानक इकडून तिकडे जातात. पुढच्या गाडीच्या पाठीशी चिकटून गेले तर हवेचा अडथळा कमी होतो, हेही त्याला ठाऊक असते; आणि फार वेळ चिकटून राहिले तर आपल्याच इंजिनाला थंड हवा मिळत नाही, हेही.

मार्गावर ही सारी विद्या कामी येते कारण तेथे सर्व जण एकाच दिशेने जातात, वळणाबाहेर पसरट जागा आणि टायरांच्या भिंती असतात, आणि समोरून रिक्षा येत नाही. डुमसच्या रस्त्यावर बाहेरची कड म्हणजे समोरून येणाऱ्याची बाजू. भावाने ही रेषा तेथे कशी घेतली असती, हे मी त्याला कागदावर काढून दाखवायला सांगितले. त्याने काढली, आणि मग बराच वेळ तो कागदाकडे पाहत बसला.

निशाण पडले म्हणजे शर्यत संपली असे प्रेक्षकांना वाटते. पुढे आलेल्या गाड्या मात्र एका बंदिस्त अंगणात नेऊन उभ्या करतात. तेथे मेकॅनिकलाही हात लावू देत नाहीत. गाड्या काट्यावर चढवतात, इंजिनाच्या मोहरा पाहतात, संशय आला तर भाग उघडून मोजतात. १९४९ साली डनवेचा विजय गेला तो अशाच तपासणीत. ती पार पडली की मगच निकालावर सही होते.

भावाच्या गाडीला आता मूळ मापाच्या स्प्रिंगा पुन्हा बसवल्या आहेत आणि ब्रेकचे द्रव बदलले आहे. त्याला सात हजारांच्या आसपास खर्च आला. हा खर्च भांडवली धरावा की महसुली, यावर आम्हां दोघांत अद्याप एकमत झालेले नाही.